देवाच्या कौलाने हॉटेलात

रत्नागिरीजवळ स्वतःचं घर असताना मी रत्नागिरीतच हॉटेल बुक केलं, ही बातमी आमच्या वाडीत पोचली तेव्हा मी अजून ठाण्याहून निघालेल्या रेल्वेत होतो. सावर्डे गेलं होतं, संगमेश्वर यायचं होतं. मी आणि माझी बायको सुमन डब्यातल्या दशम्या संपवून कापणी झालेली रिकामी शेतं बघत बसलो होतो. तेवढ्यात दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. गावचं घर, आंब्याची बाग आणि माझ्यावरचा राग ही तिन्ही खाती त्याच्याकडे आहेत.

"हॉटेलवाल्याचा फोन आलावता," तो म्हणाला. नमस्कार नाही, कुठवर आलात नाही. "उद्यापासून माझ्या नावानं खोली हाय म्हणतो. माझं घर जळालं काय रे?"

"दादा, पोचतो आणि सांगतो सगळं."

"आता काय सांगतोस, कपाळ! फोन लाउडवर होता. शेजारचा तुकाराम पडवीत बसलावता. वाटणी झाली काय म्हणून विचारून गेला."

खटकन फोन बंद. सुमन माझ्याकडे बघून गोड हसली. "दादांचा नंबर द्यायला मी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. खरं होतं. दुसऱ्या खोलीसाठी पाहुण्याचं नाव आणि नंबर लागतो म्हणून मीच दिला होता. वहिनींना गुपचूप सुखद धक्का द्यायचा बेत होता. धक्का बसला, पण भलत्यालाच.

पॉइंटांचं प्रकरण

हे हॉटेल मी पैशांनी घेतलेलं नव्हतं, पॉइंटांवर घेतलं होतं. सुमन म्हणते, मला दोन व्यसनं आहेत, चहा आणि क्रेडिट कार्ड, त्यातला चहा एखाद वेळेस सुटेल. म्हणू दे. कार्डावर खरेदी केली की पॉइंट मिळतात आणि पॉइंटांवर प्रवास होतो, हे कळल्यापासून मी माझ्या आसपास कुणाला रोख पैसे देऊ दिलेले नाहीत. सोसायटीत कुणाचा फ्रिज यायचा असो, ऑफिसातल्या कुणाच्या मुलीच्या लग्नाचा हॉल असो, "कार्ड माझं वापर, पैसे मला पाठव" हे मी म्हटलंच म्हणून समजा. लोक आता मला बघून पाकीट लपवतात.

पण नादाला लागायचं तर डोकं ठिकाणावर ठेवून लागावं, एवढं वाचकांना सांगतो. बिल दर महिन्याला पुरतं भरायचं. एकदा जरी बाकी ठेवलीत, तरी व्याज असं चढतं की पॉइंट राहिले बाजूला, तुम्हीच बँकेला फिरायला पाठवता. पॉइंटांसाठी नको ती खरेदी करायची नाही. आणि कार्डाच्या कॅटलॉगातला मिक्सर तर मुळीच घ्यायचा नाही. मी पहिल्यांदा घेतला होता. तेवढ्याच पॉइंटांत, ते हॉटेलच्या योजनेत वळवून, एक रात्र समुद्रासमोर निघाली असती. त्या मिक्सरमध्ये चटणी वाटली की मला अजून त्या रात्रीची आठवण येते.

विमानाचं म्हणाल, तर पॉइंटांवरची तिकिटं असतात मोजकी. आम्ही दोन वर्षं बालीला जायला निघतोय. सुमनला रजा तेव्हा जागा नाही, जागा तेव्हा तिला रजा नाही. तेवढ्यात पॉइंटांची मुदत संपत आली. या महिन्याअखेर वापरा, नाहीतर गेले. माझी झोप उडाली. आणि यादी चाळता चाळता दिसलं, की त्याच योजनेतलं एक हॉटेल रत्नागिरीत, समुद्राकडेच्या टेकाडावर आहे.

ते हॉटेल आम्हाला माहीत होतं. आमच्या वहिनी, म्हणजे दादाची बायको, सोलकढीला लागणारं कोकमाचं आगळ करतात, आणि ते त्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात जातं. किती वर्षं वहिनी प्लास्टिकचे कॅन रिक्षात घालून तिथे जातायत. मागच्या दाराने.

या मे महिन्यात आम्ही गावाला होतो. आम्ही म्हणजे सगळेच, भाऊ, बहिणी, जावई, पोरंटोरं. दर मेमध्ये जातो. आंबे खातो, पत्ते खेळतो, पोट दुखलं की वहिनींकडून ओवा मागून घेतो. एका दुपारी वीसेक ताटं वाढून झाल्यावर वहिनी भिंत धरून उठल्या आणि तशाच थोडा वेळ उभ्या राहिल्या. गुडघे धरले होते. सुमनने विचारलं, "वहिनी, तुम्हाला काय हवं ते सांगा ना एकदा."

"मला काय नको गो," वहिनी म्हणाल्या. मग हसत म्हणाल्या, "एकदा कुणीतरी आयतं वाढलेलं जेवायचंय. आणि जेवून ताट तिथंच ठेवून उठायचंय."

ते ऐकून मला आमचीच लाज वाटली. म्हणून बाली गेली खड्ड्यात, म्हटलं, दोन खोल्या, दोन रात्री, दादा-वहिनी आणि आम्ही दोघं. झालं बुकिंग.

वाडीत

रत्नागिरी स्टेशनवरून रिक्षाने घरी पोचलो तर अंगणात पाचसहा माणसं. गावचं घर आणि त्याच गावाजवळ हॉटेल, याचा अर्थ आमच्याकडे एकच होतो. भांडण. पुण्याकडे म्हणे लोक स्वतःच्या शहरातल्या हॉटेलात राहायला जातात, त्याला काहीतरी नावही आहे. आमच्याकडे गावात नातेवाइकाचं घर असताना जो दुसरीकडे पाठ टेकतो, त्याच्या घरी पुढच्या गणपतीला कुणी जात नाही.

"समझोता करा बाबांनो," तुकाराम मला पाणी द्यायच्या आधीच म्हणाला. "कोर्टात जाऊ नका. दोगव भावांचं वाटोळं व्हईल."

त्याला भांडण नाही हे पटवता पटवता चहा झाला. तो हिरमुसून गेला. मग खरं भांडण सुरू झालं.

"मी येणार नाय नि तीव येणार नाय," दादा म्हणाला. "हितनं दिसतोय तो समुद्र. त्याच्यासाठी हॉटेल?"

"समुद्रासाठी नाही रे. वहिनींना जरा आराम."

"तिला काय झालंय? धडधाकट हाय. आणि तुझे पैसे वर आलेत काय?"

"पैसे नाहीत, पॉइंट आहेत! आणि अर्धे तुझेच आहेत. बागेची औषधं, खतं, आंब्याच्या पेट्या, सगळं माझ्या कार्डावर घेतलंस की नाही?"

"मग माझे पॉइंट मला दे. फवारणीचा पंप घेतो."

डोकं फिरलं माझं. म्हटलं, "पंप घे नाहीतर विहिरीत जीव दे! बायकोला दोन दिवस चुलीपासून लांब बसवत नाहीस आणि धडधाकट म्हणतोस!" सुमनने माझा शर्ट मागून ओढला. दादा लाल झाला. आणि हे चालू असताना वहिनी मधल्या दारात उभ्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "वहिनी, तुम्हीच सांगा."

"जल्लं मेलं ते हॉटेल," त्या म्हणाल्या. "लोकं म्हणतील, सासरच्यांनी बाहेर काढलान हिला." झालं, मी मनात म्हटलं, संपलं. संध्याकाळी सहापर्यंत रद्द केलं तर पॉइंट परत मिळणार होते, नाहीतर बुडणार. मी खिशातून फोन काढला.

तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "न्हायतर देवाला विचारा. देव होय म्हणाला तर जाईन मी."

दादा लगेच तयार झाला. देव आपल्या बाजूचा आहे याची त्याला खात्री होती.

देवळात

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. आमच्याकडे विहीर खणायची, लग्न ठरवायचं, सुनेला माहेरी पाठवायचं, काहीही असलं की ग्रामदेवाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर डावीकडे-उजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, देवाला गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. शिकलेसवरलेले लोक हसतात. मीही ठाण्यात हसतो. देवळात हसत नाही.

बाळू गुरव दुपारची झोप मोडून आला होता. नारळ हातात घेऊन त्याने मला बाजूला बोलावलं. "गाऱ्हाण्यात काय सांगू? पॉइंट म्हंजे काय ता आधी मला सांगा. देवाला अर्धवट सांगून चालत नाय."

मी सांगितलं. कार्ड, खरेदी, पॉइंट, हॉटेल. बाळूने डोळे मिटून ऐकलं. "म्हंजे पैसे तुमी खर्च केलेत, आणि वर बँक तुमालाच बक्षीस देते?"

"हो."

"आणि बँकेचं काय जातं?"

"लोक बिल वेळेवर भरत नाहीत, त्यांच्या व्याजातून काढते ना."

"आत्ता कळलं," बाळू म्हणाला आणि देवापुढे उभा राहिला. त्याने आवाज लावला तसे आम्ही सगळे हात जोडून उभे राहिलो.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

"ह्ये तुझा लेकरू पोटापाण्याला ठाण्यात ऱ्हाताय, पन तुला इसारला नाय! त्यानं कार्डावर खरेदी केलान, बँकेनं त्याला पॉइंट दिलान! त्या पॉइंटावर आपल्या भावजयीला हॉटेलात न्यायचं मनात आणलान!"

"व्हय म्हाराजा!"

"घर बंद करून, चार भिंतींना कुलूप लावून दोन राती लेकरां जातायत, ता तुला मान्य असंल, तर उजवा कौल दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि मग शांतता. पाकळ्या हलेनात. पाच वाजून गेले. मी मधूनच बाहेर जाऊन कट्ट्यावर चढत होतो, कारण रेंज फक्त तिथे येते आणि बुकिंग रद्द करायचं बटण फोनवर तयार ठेवलं होतं. "देव विचार करताय," बाळू म्हणाला. मी म्हटलं, त्याला जरा सांग, सहापर्यंतच मुदत आहे. दादा गालात हसत होता.

डावी पाकळी पडली.

दादाने देवाला नमस्कार घातला तो अगदी मनापासून. खरं सांगतो, पॉइंट परत मिळणार होते तरी मला वाईट वाटलं, आणि अंगठा त्या बटणावर नेऊन मी वहिनींकडे बघितलं. वहिनी देवाकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा पडला होता, आणि त्यांना जायचं होतं, फार जायचं होतं, हे मला त्या क्षणी कळलं.

"बाळूभाऊ," त्या एकदम म्हणाल्या, "तुमी विचारलाव चुकीचं."

देवळात कुणी गुरवाला असं म्हणत नाही. बाळू थक्क.

"घर बंद करून जातो असं सांगितलाव तुमी. देव होय कसा म्हणंल? देव्हाऱ्यात दिवा कोण लावणार? गायीकडं कोण बघणार? पन घर बंद कशाला व्हायला पायजे? ह्ये हायत की घरात." 'ह्ये' म्हणजे दादा. "परत विचारा. घरधनी घरात ऱ्हाईल, दिवाबत्ती करील, गायीला वैरण घालील. मी एकटी जाईन."

दादाचं तोंड उघडं ते उघडंच. "मी? अगो पन..."

"देवासमोर मधी बोलू नये," बाळू त्याला म्हणाला आणि नव्या पाकळ्या लावल्या. या वेळी गाऱ्हाणं छोटंच झालं. आमचा "व्हय म्हाराजा" पुरता संपायच्या आत उजवी पाकळी खाली. सुमनने माझा दंड इतक्या जोरात दाबला की वळ उठला. बाळूने नारळ फोडून दादाच्या हातात अर्धी कवड दिली आणि म्हणाला, "सांजेला दिवा इसरू नका."

हॉटेल

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं रिक्षाने निघालो. वहिनींनी ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. पिशवीत दोन साड्या, फणी आणि नको नको म्हणत असताना घेतलेला आगळाचा एक कॅन. "जातेच हाय तर देऊन टाकते," त्या म्हणाल्या. रिक्षावाल्याने सवयीने गाडी मागच्या दाराकडे वळवली. "पुढून घ्या," सुमन ओरडली.

काउंटरवरची मुलगी जवळच्याच नेवऱ्याकडची. तिने कॅन बघितला, साडी बघितली. "काकू, तुमी हिकडून?"

"आज मी गिऱ्हाईक हाय," वहिनी म्हणाल्या आणि लाजल्या. त्या मुलीने त्यांना आधी शहाळं दिलं, मग आम्हाला. वर खोलीही समुद्राकडची काढून दिली. वर्षानुवर्षं जमवलेल्या माझ्या सोनेरी कार्डाला जे जमलं नाही ते आगळाच्या कॅनला जमलं. आमची खोली शेजारचीच, गॅलरीला गॅलरी लागून.

"तुमी नवराबायको ऱ्हावा तिकडं. मी एकटी ऱ्हाते. बघू तरी," वहिनी म्हणाल्या. पण अर्ध्या तासाने सुमन डोकावली तर वहिनींनी न्हाणीघर पुसून काढलं होतं, पलंगावरच्या चादरी काढून घड्या घातल्या होत्या आणि स्वतः खुर्चीत अंग चोरून बसल्या होत्या. "मळतील ना गो. पांढऱ्या हायत." सुमनने त्यांना धरून पलंगावर बसवलं तेव्हा कुठे बसल्या.

रात्रीचं जेवण पॉइंटांत नव्हतं, पण ते जाऊ दे. सुरमई तळलेली, तिसऱ्यांचं सुकं, तांदळाची भाकरी. वाढणारा माणूस मागे उभा राहिला की वहिनी अवघडत. "बसा ना तुमी पन," त्याला म्हणाल्या. सोलकढीचा घोट घेतला आणि माझ्याकडे झुकून कुजबुजल्या, "माझंच आगळ हाय. पन पाणी किती घातलंय मेल्यांनी!" जेवण झालं आणि सवयीने ताट उचलून उठल्या. तो माणूस पुढे आला, म्हणाला, "काकू, ऱ्हावदे तिथंच." वहिनींनी ताट ठेवलं, हात पदराला पुसले, दोनदा मागे वळून बघितलं आणि चालू लागल्या. आपलं काहीतरी राहून गेलंय असं त्यांना जिन्यापर्यंत वाटत होतं.

सकाळ

आता सकाळच्या नाश्त्याविषयी. तो फुकट होता, म्हणजे पॉइंटांत धरलेला. जाणकार माणूस अशा नाश्त्यावर दुपारचं जेवण वाचवतो. मी दार उघडायच्या आधीच जाऊन उभा. घावन, उसळ, पोहे, इडल्या, अंड्याचे चार प्रकार, कापलेली फळं. मी एक फेरी मारून वहिनींची वाट बघत बसलो. नऊ वाजले. साडेनऊ. साडेदहाला नाश्ता बंद होणार होता.

दहाला मी वर गेलो. वहिनींचं दार बंद. हात वर केला तर सुमन मध्ये.

"कुठे चाललात?"

"उठवतो त्यांना. घावन संपतायत."

"हात लावून बघा दाराला," सुमन म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तो आवाज मी दोनचारदाच ऐकलाय.

"अगं, बऱ्या तर आहेत ना?"

"गॅलरीतून बघून आले मी. पडदा उघडा आहे. आडव्या झोपल्यात, पलंगभर. घोरतायत."

तेवढ्यात माझा फोन वाजला. दादा. मागे भांडं पडल्याचा आवाज आला. "तिला दे जरा. मीठ कुठं ठेवलान विचारतो. पेज केलीय, पन अळणी झालीय."

"झोपल्यात."

"कोण?"

"वहिनी."

"आता? दहा वाजले!" मग आवाज बदलला. "बरं नाय काय तिला? खरं सांग."

"बऱ्या आहेत. झोप लागलीय नुसती."

फोनमधून गाय हंबरल्याचं ऐकू आलं.

"उठवू नको मग," तो म्हणाला. "अळणी खातो मी. आणि तुझ्या त्या नाश्त्यासाठी तिला हाक मारलीस तर बघ. तुला मी वळखून हाय."

म्हणून मी आणि सुमन आमच्या गॅलरीत बसून राहिलो. खाली नाश्त्याची भांडी उचलल्याचे आवाज आले, माझा जीव जरासा खालीवर झाला, खोटं कशाला बोलू. समोर समुद्र होता. मी इतक्या हॉटेलांत राहिलोय, पण असा नुसता बसून समुद्र कधी बघितला नव्हता.

वहिनी बाहेर आल्या तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. केस मोकळे, गालावर उशीचा वळ. त्यांनी आधी सूर्याकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"मला कुणी हाक मारली नाय?"

"नाही," मी म्हटलं.

"ह्यांचा फोन?"

"आला होता. उठवू नको म्हणाला."

"ह्ये म्हणाले?"

त्या तिथल्या खुर्चीत बसल्या आणि रडायला लागल्या. आवाज नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी. सुमनने मधल्या कठड्यावरून हात पुढे करून त्यांचा हात धरला. मग वहिनींनी पदराने तोंड पुसलं, नाक ओढलं आणि माझ्याकडे वळल्या.

"भाऊजी, तुमचा तो फुकटचा नाश्ता गेला काय हो?"

"गेला."

"सगळा?"

"सगळा. घावनसुद्धा."

वहिनींनी पाय खुर्चीवर घेतले, डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटले.

"मग उद्या पन घालवूया," त्या म्हणाल्या.